बाळाच्या अन्नाचा नमुना तपासतात कसा?

दिल्लीच्या द्वारका उपनगरातल्या औषधांच्या दुकानांत बाळाच्या दूध-पावडरचे आणि सीरियलचे डबे ओळीने मांडलेले दिसतात. त्यांतला एखादा प्रयोगशाळेत पोचतो, तो असा.

अन्न सुरक्षा अधिकारी दुकानदाराला लेखी नोटीस देतो, डब्यांची किंमत चुकती करतो आणि नमुना घेतो. २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याप्रमाणे नमुन्याचे चार भाग करतात. सीलबंद डबा फोडत नाहीत. एकाच बॅचचे डबे चार भागांत वाटतात. एक भाग अन्न विश्लेषकाकडे जातो, दोन पदावधित अधिकाऱ्याकडे, म्हणजे त्या भागातल्या अन्न सुरक्षेच्या प्रमुखाकडे, राहतात. दुकानदाराने मागणी केली, तर चौथा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेला पाठवतात. पुढे वाद झालाच, तर न उघडलेला डबा शिल्लक असावा, म्हणून ही तजवीज.

विश्लेषकाने १४ दिवसांत अहवाल द्यायचा असतो. शिसे, आर्सेनिक, धान्यावरच्या बुरशीतून येणारे अफ्लाटॉक्सिन, कीटकनाशकांचे अंश या सगळ्यांना मर्यादा आहेत. मेलामाइन या रसायनाचे प्रकरण वेगळे. प्रथिनांचा अंदाज नायट्रोजन मोजून बांधतात आणि मेलामाइनमध्ये नायट्रोजन भरपूर असतो, त्यामुळे ते मिसळले की पाणी घातलेले दूधही कागदावर कसदार ठरते. २००८ मध्ये चीनमध्ये याच भेसळीने सहा बाळे दगावली, सुमारे तीन लाख आजारी पडली. आपल्याकडे इतर अन्नात मेलामाइनची मर्यादा किलोमागे २.५ मिलिग्रॅम आहे, बाळाच्या दूध-पावडरीत १ मिलिग्रॅम. बाळ वजनाच्या मानाने जास्त खाते, तेही रोज तेच. म्हणून ही मर्यादा कडक.

जंतूंचे मात्र प्रयोगशाळेवर सोडून चालत नाही. दूध-पावडर निर्जंतुक नसते आणि क्रोनोबॅक्टर हा जीवाणू कोरड्या पावडरीतही तग धरतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटना पावडर किमान ७० अंश सेल्सिअसच्या पाण्यात कालवून, मग निववून पाजायला सांगते.

विश्लेषकाचा अहवाल दुकानदाराला मान्य नसेल, तर ३० दिवसांत अपील करता येते. मग राखून ठेवलेला भाग रेफरल प्रयोगशाळेत जातो आणि तिचा निर्णय अंतिम असतो.

ग्राहकालाही शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून तपासणी करून घेता येते. अट एकच: तपासणीला देणार हे विकत घेतानाच दुकानदाराला सांगावे लागते. अहवालात दोष निघाला, तर शुल्क परत मिळते. घरी उघडलेल्या डब्याबद्दल शंका आली, तर डबा टाकू नका. बॅच क्रमांक आणि बिल जोडून अन्न सुरक्षा विभागाकडे तक्रार करा. त्याच बॅचचे न उघडलेले डबे दुकानात शोधायला अधिकाऱ्याला तोच क्रमांक लागतो.