काचेतल्या बाळाचं स्वागत

"बाळाला काचेत ठेवलंय." एवढा निरोप गावी पोचला की त्या घरात पेढ्यांचा विषय निघत नाही. फोन येतात, पण अभिनंदन कुणी करत नाही. वजन किती भरलं, डॉक्टर काय म्हणतात, एवढंच विचारलं जातं. मुलगा की मुलगी, हेसुद्धा काही घरांत दोन-दोन दिवस कुणी विचारत नाही. मराठवाड्यातल्या एका जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षात मी परिचारिका आहे. इथे येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला मी पहिल्या भेटीत सांगते, की बाळ जन्मलं आहे, त्याचं स्वागत आजच करायचं. 'ते काचेतून बाहेर आल्यावर बघू' असं नाही. लोकांना वाटतं, सिस्टर धीर देतेय. पण मी उपचाराबद्दल बोलत असते.

आधी त्या खोलीची भीती जायला हवी. तिथे दिसणारी प्रत्येक वस्तू कशासाठी आहे हे कळलं, की भीती निम्मी होते. बाळाच्या डोक्यावर जो हीटर असतो तो वॉर्मर. लवकर जन्मलेल्या बाळाच्या कातडीखाली चरबी फारशी नसते, त्यामुळे ते झपाट्याने गार पडतं. त्याचं तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस ठेवायचं, म्हणून पोटावर एक तार चिकटवलेली असते. नाकाला लावलेली नळी बहुतेक वेळा सीपॅपची. कमी दिवसांच्या बाळाच्या फुप्फुसातले हवेचे कप्पे श्वास सोडताना मिटून चिकटतात. ते उघडे राहावेत एवढाच हवेचा दाब ती देते. मॉनिटर वाजला की आई दचकते. पुष्कळदा बाळाने पाय झाडलेला असतो आणि पायाची पट्टी सैल झालेली असते. कधी खरंच श्वास थांबलेला असतो. पण तेवढ्यासाठीच आम्ही तिथे उभ्या असतो. तळव्याला हलकं चोळलं, की बहुतेक बाळं पुन्हा श्वास घेतात.

निळ्या दिव्याची मात्र मला विशेष माया आहे. कावीळ झालेल्या बाळाला त्याखाली ठेवतात. उजेडाने कावीळ उतरते हे पहिल्यांदा लक्षात आलं ते एका परिचारिकेच्या. १९५०च्या दशकात इंग्लंडमधल्या रॉचफर्डच्या रुग्णालयात सिस्टर वॉर्ड कमी दिवसांच्या बाळांना अंगणात उन्हाला नेत असत. एका बाळाची कातडी जिथे ऊन लागलं तिथे निवळली होती आणि चादरीच्या कोपऱ्याखाली पिवळी राहिली होती. त्यांनी ते डॉक्टरांना दाखवलं. कक्षात आलेल्या नव्या मुलींना मी ही गोष्ट नेहमी सांगते.

आता आईकडे येऊ. ती वरच्या मजल्यावर बाळंतिणींच्या वॉर्डात असते. आजूबाजूच्या खाटांवर बाळं रडत असतात आणि हिची कूस रिकामी. तिला चालता येऊ लागलं की लगेच खाली आणा, असं मी नातेवाइकांना सांगते. चालता येत नसेल तर चाकाच्या खुर्चीवरून आणा. दारात पहिला प्रश्न उभा राहतो तो हिरव्या चुड्याचा. आत यायचं तर कोपरापर्यंत हात धुवायचे, आणि बांगड्या-अंगठीखाली जंतू राहतात. सासूबाई म्हणतात, "म्याडम, लेकुरवाळीचे हात उघडे कसे करायचे?" त्यांचा जीव त्यात अडकलेला असतो, म्हणून मी घाई करत नाही. साबणाच्या फेसाने बांगड्या अलगद निघतात, एकही वाढवावी लागत नाही. त्या सासूबाईंच्याच पदरात बांधून द्यायच्या आणि बाहेर आल्यावर त्यांनीच पुन्हा भरायच्या.

आत आल्यावर आई बाळाला बोट लावायलाही घाबरते. तिला मी दाखवते : कुरवाळायचं नाही, कारण इतक्या पातळ कातडीला ते सोसत नाही. एक तळवा डोक्यावर, एक पावलांशी, आणि हात तसाच स्थिर ठेवायचा. मग हळू आवाजात बोलायचं. तिचा आवाज बाळाने पोटात असताना ऐकलेला असतो. पाळण्यावरच्या चिठ्ठीत 'अमकीचं बाळ' एवढंच लिहिलेलं असतं, म्हणून मी विचारते, घरी काय हाक मारणार? बारसं व्हायचंय, असं उत्तर येतं. बारसं सावकाश करा, पण हाकेचं नाव आजच ठेवा. पाचवीला कोरा कागद आणि लेखणी घरी ठेवायची असेल तर खुशाल ठेवा. सटवाईला पत्ता सापडेल. फक्त हळदीकुंकू आणि अंगारा कक्षाच्या दाराबाहेर राहू द्या.

आईने द्यायची पहिली भेट म्हणजे चीक. पहिल्या दिवशी चमचाभरही निघत नाही, आणि 'मला दूधच येत नाही' म्हणून ती रडते. पण काही थेंबही पुष्कळ असतात. ते आम्ही बाळाच्या गालात सोडतो. पुढे नळीने देतो, मग वाटी-चमच्याने. चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ साधारण चौतिसाव्या आठवड्याच्या आसपास बसतो, तोवर दूध हाताने काढावं लागतं. दिवसातून आठ-दहा वेळा, रात्रीसुद्धा. ज्यांचं दूध लवकर येत नाही त्यांच्या बाळांसाठी मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली मातृदुग्धपेढी सुरू केली. आशियातली ती पहिली.

आणि कांगारू पद्धत. १९७८ साली कोलंबियात, बोगोटा शहरात, बाळांना ऊब देणाऱ्या काचेच्या पेट्या कमी आणि बाळं जास्त अशी अवस्था होती. तेव्हा डॉ. एडगर रे यांनी बाळांना आईच्या उघड्या छातीवर बांधायला सुरुवात केली. पुष्कळ वर्षं याकडे गरिबांचा पर्याय म्हणूनच पाहिलं गेलं. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांत केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिल्लीचं सफदरजंग रुग्णालयही होतं. एक किलो ते एक किलो आठशे ग्रॅमच्या आतल्या बाळांना, ती स्थिर होण्याची वाट न पाहता, जन्मल्यापासूनच आईजवळ ठेवलं. महिन्याभरातले मृत्यू शंभरात सुमारे सोळावरून बारावर आले. आज संघटना सांगते : दिवसातले किमान आठ तास, जमेल तितके जास्त. हा आकडा मी ऊसतोडीहून आलेल्या बापाला सांगते आणि सदऱ्याची बटणं उघडायला लावते. तो आधी लाजतो. छातीवर बाळाचा श्वास लागला की जागचा हलत नाही. आजीलाही जमतं, आत्यालाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१७ साली पालकांना कक्षात घेऊन बाळाची निगा शिकवण्याची मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. म्हणून कुणी दारातून परत पाठवलं तर विनयाने, पण ठामपणे विचारा.

सगळी बाळं घरी जात नाहीत, हे मी लपवणार नाही. अशा वेळी 'बघू नकोस, माया लागेल' असं आईला सांगतात. माया आधीच लागलेली असते. तिला बाळ मांडीवर घेऊ द्या, नावाने हाक मारू द्या.

बाळ घरी नेताना कौतुकाच्या भरात घात होऊ नये. धुरी नको, घुटी नको, काजळ नको, नाका-कानात तेल नको. दोन किलोच्या आतलं किंवा चौतीस आठवड्यांच्या आत जन्मलेलं बाळ असेल, तर जन्मापासून तीस दिवसांच्या आत डोळ्यांच्या पडद्याची तपासणी करायचीच. बाळ बरं दिसतंय म्हणून ही तारीख चुकवली, तर गेलेली नजर परत येत नाही. कानांचीही तपासणी करून घ्या. दोन महिने आधी आलेलं बाळ सहा महिन्यांचं झालं, की त्याची बरोबरी चार महिन्यांच्या बाळाशी करायची. लसी मात्र जन्मतारखेप्रमाणेच. आशाताई घरी येईल, तिला बाळ उघडून दाखवा. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना शिकवून घरी नवजात बाळ वाचवता येतं हे सिद्ध केलं. ते संशोधन १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये आलं, आणि आशाताईच्या घरभेटी त्याच धर्तीवर आहेत.

तुमच्या नात्यात, शेजारी असं बाळ आलं तर वजन विचारू नका, नाव विचारा. आईसाठी गरम डबा न्या, बापाला रात्रभर झोपू द्या, घरच्या मोठ्या लेकराला दोन दिवस तुमच्याकडे ठेवा. आणि पैशाच्या धास्तीने कुणी बाळ घरीच ठेवत असेल, तर त्यांना सांगा : जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळावर सरकारी रुग्णालयात उपचार, औषधं, तपासण्या, रक्त आणि घरापासून ने-आण हे सगळं मोफत आहे. गाडीसाठी १०२ किंवा १०८ वर फोन करायचा.