ठिपक्यांची रांगोळी

‘‘काय हो, धाकटीचं शिक्षण संपलं की नाही अजून?’’

लग्न असो की बारसं, हा प्रश्न मला कधी चुकला नाही. ‘‘केमिस्ट्रीत पीएच.डी. करतेय,’’ एवढं सांगून मी विषय बदलायची. ती नेमकं करते काय, हे मलाच कुठे ठाऊक होतं! ‘सच्छिद्र पदार्थ’ असं तिने एकदा सांगितलं होतं. सच्छिद्र म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे आली ती अनारशाची जाळी.

२०२५च्या दिवाळीत ती घरी आली. पहाटे मी अंगणात ठिपक्यांची रांगोळी काढत होते. पायरीवर चहा घेऊन बसली आणि म्हणाली, ‘‘आई, मी हेच करते गं. फक्त माझी रांगोळी जमिनीवर पसरत नाही, वरही चढत जाते.’’

ठिपका म्हणजे धातूचे अणू. ठिपके जोडणारी रेघ म्हणजे कार्बनी रेणूची काडी. जोडत गेलं की मधे रिकाम्या खोल्या तयार होतात, आणि सगळं महत्त्व त्या रिकाम्या खोल्यांनाच. इंग्रजी आद्याक्षरांवरून याला ‘मॉफ’ म्हणतात. १९९९ मध्ये अमेरिकेत ओमर याघी यांनी ‘मॉफ-५’ केला. त्यात ठिपके जस्ताचे. आणि काड्या ज्या आम्लाच्या, तेच आम्ल आपली पॉलिएस्टरची साडी आणि पाण्याची बाटली बनवायला वापरतात. अशा काही ग्रॅम भुकटीच्या आत फुटबॉलच्या मैदानाएवढा पृष्ठभाग असतो. माझा तर विश्वासच बसेना.

सुरुवात मात्र लाकडी गोळ्यांपासून झाली. १९७४ मध्ये मेलबर्न विद्यापीठात रिचर्ड रॉबसन यांना विद्यार्थ्यांसाठी रेणूंची मॉडेल्स करायची होती. गोळ्यांना कुठे कुठे भोकं पाडायची ते त्यांनी कार्यशाळेला सांगितलं. गोळे आल्यावर लक्षात आलं, भोकं जागच्या जागी असली की गोळे आपोआपच नीट जुळतात! ते खरोखरच्या अणूंवर करून बघायला त्यांना दहा वर्षांहून अधिक काळ लागला, आणि त्यांच्या पहिल्या रचना नाजूक, कोसळणाऱ्या होत्या. पुढे जपानच्या सुसुमु कितागावा यांनी १९९७ मध्ये न मोडता वायू आत-बाहेर करणारी रचना दाखवली. रॉबसन, कितागावा आणि याघी या तिघांना २०२५चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

पण मैत्रिणींनो, खरी मेख पुढेच आहे. धातू आणि काड्या एकत्र केल्या की सगळे एकमेकांना एकदमच धरतात आणि तळाला नुसता पांढरा गाळ बसतो. आपण खडीसाखर करतो तेव्हा पाकात दोरा सोडून दिवसेंदिवस हात लावत नाही ना? घाई केली की खडा नाही, भुगाच. म्हणून झिर्कोनियमसारख्या धातूच्या मॉफमध्ये फॉर्मिक (मुंगीच्या दंशातलं) किंवा व्हिनेगरमधलं आम्ल घालतात. त्याला हात एकच. ते धातूला थोडा वेळ धरून ठेवतं, मग सोडतं, तेव्हा काडीला जागा मिळते. वाढ मंदावते, चुकीची जोडणी सुटून पुन्हा नीट बसते.

माझ्या लेकीच्या हाती वर्षभर गाळच आला. कधी स्फटिक आलेच, तर आतला द्राव काढताना कोसळले. रात्री फोनवर ‘‘जेवले’’ एवढंच बोलून ती ठेवून द्यायची. मी मनात भलतंच काही धरून बसले होते. एकदा तर म्हटलं, ‘‘सोड आता, चांगलं स्थळ आलंय.’’ ती गप्प राहिली. मंदावण्याचं प्रमाण शोधत होती पोर, आणि मी घाई लावत होते.

रांगोळी पुरी झाल्यावर रंग भरतो, तशी तिकडेही सोय आहे. काडीवर आधीच नायट्रोजनची एक खुंटी ठेवायची आणि सांगाडा उभा राहिल्यावर तिला हवं ते अडकवायचं. सेथ कोहेन यांच्या कॅलिफोर्नियातल्या गटाने २००७ मध्ये हे करून दाखवलं. कार्बन डायऑक्साइड पकडायचा तर तशी खुंटी. मात्र फार अडकवलं तर खोलीच भरून जाते! (आमचं माळ्यावरचं सामान आठवलं.)

मला धरून ठेवलं ते पाण्याने. याघी जॉर्डनमधल्या अम्मानच्या निर्वासित कुटुंबातले. पाणी यायचं आठवड्या-पंधरवड्यातून काही तास, की हा मुलगा भांडी भरायला धावायचा. आमच्याकडेही नळ आठ दिवसांनी येतो, त्यामुळे ती धावपळ मला सांगावी लागली नाही. याच माणसाच्या गटाने २०१७ मध्ये ॲरिझोनाच्या वाळवंटात मॉफ ठेवून बघितला. रात्री त्याने कोरड्या हवेतली वाफ ओढली, दिवसा उन्हाने सोडली, आणि पाणी जमलं. थोडंसंच. आपल्या टँकरला लगेच सुट्टी मिळेल असं समजू नका.

जानेवारीत लेकीने फोटो पाठवला. सूक्ष्मदर्शकाखाली आठ पैलूंचे, स्वच्छ कडांचे खडे. खाली लिहिलं होतं, ‘‘रिकामे केले, कोसळले नाहीत.’’

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तो प्रश्न पुन्हा आलाच. या वेळी मी तांदळाचे दाणे मांडून सगळं सांगितलं, खुंटीसकट. शेजारच्या काकूंनी मन लावून ऐकलं आणि विचारलं, ‘‘बरं, पण पगार किती?’’