मोटारहोममधील एअर ब्रेकच्या हवेच्या टाक्या : देखभाल व पाण्याचा निचरा

प्रस्तावना

निवासाची सोय असलेले व स्वतःचे इंजिन असलेले वाहन, म्हणजेच मोटारहोम, हे अमेरिकेत सुट्टीतील आणि निवृत्तीनंतरच्या प्रवासाचे एक रूढ साधन आहे. मागील बाजूस डिझेल इंजिन असलेल्या मोठ्या मोटारहोममध्ये बहुधा मालमोटारी व बसगाड्यांप्रमाणेच एअर ब्रेक असतात. मात्र तेथे खाजगी मोटारहोमसाठी व्यावसायिक परवान्याची सक्ती सर्वसाधारणपणे नाही. काही राज्यांत वाहनाचे वजन २६,००० पौंडांपेक्षा अधिक असल्यास वेगळ्या वर्गाचा अव्यावसायिक परवाना लागतो. परिणामी, एअर ब्रेकचे प्रशिक्षण नसलेली व्यक्तीही असे अवजड वाहन चालवू शकते. या पार्श्वभूमीवर टाकीत पाणी का साचते, त्याचे परिणाम कोणते आणि निचरा कसा करावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

पाणी साचण्याचे कारण

जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी १८६९ मध्ये रेल्वेसाठी एअर ब्रेकचे पेटंट मिळविले. रस्त्यावरील वाहनांतही दाबाखालील हवा हेच ब्रेकचे बळ असते. कॉम्प्रेसर बाहेरची हवा ओढून ती साधारणतः दर चौरस इंचास १२० पौंड दाबाने टाकीत भरतो. या दाबाला सुमारे ९ घनमीटर हवा १ घनमीटर जागेत मावते. ३० अंश सेल्सिअस तापमान व ६० टक्के सापेक्ष आर्द्रता असलेल्या ९ घनमीटर हवेत सुमारे १६० ग्रॅम बाष्प असते. परंतु त्याच तापमानाला १ घनमीटर जागेत जेमतेम ३० ग्रॅम बाष्प टिकते. उरलेल्या सुमारे १३० ग्रॅम बाष्पाचे सांद्रीभवन होऊन पाणी होते. कॉम्प्रेसरमधून निसटलेले तेलही त्यात मिसळते.

परिणाम

पाणी दाबले जात नाही. ते फक्त हवेची जागा व्यापते. ३० लिटरच्या टाकीत ६ लिटर पाणी साचल्यास हवेचा साठा एक पंचमांशाने घटतो. दाबमापक मात्र पूर्वीइतकाच दाब दाखवितो, आणि हाच यातील खरा धोका होय. दीर्घ उतारावर वारंवार ब्रेक लावताना दाब अपेक्षेपेक्षा लवकर खाली येतो. थंडीत झडपांमध्ये व नळ्यांमध्ये पाणी गोठल्यास ब्रेक निकामी होऊ शकतो. महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या मोटारहोममध्ये टाकी आतून गंजण्याचा संभवही असतो.

निचऱ्याची पद्धती

वाहन सपाट जागी उभे करून चाकांना उटी लावावी, पार्किंग ब्रेक लावावा व इंजिन बंद करावे. कॉम्प्रेसरकडून येणारी हवा जिच्यात प्रथम शिरते ती पुरवठा टाकी आधी रिकामी करावी. त्यानंतर ब्रेकच्या दोन्ही मंडलांच्या टाक्या. तळाचा कॉक उघडून किंवा दोरी ओढून केवळ कोरडी हवा येईपर्यंत निचरा होऊ द्यावा. दाब उतरताना कमी दाबाचा इशारा साधारणतः ६० पौंडांच्या सुमारास मिळतो की नाही, हेही पाहावे. हवेवर आधारित सस्पेन्शन असलेले वाहन एकाएकी खाली बसू शकते. म्हणून भक्कम आधार दिल्याशिवाय त्याखाली शिरू नये. शेवटी कॉक बंद करून इंजिन सुरू करावे आणि दाब पूर्ववत होतो याची खात्री करावी.

हाताने निचरा करावयाच्या टाक्या प्रवासात रोज दिवसअखेर रिकाम्या कराव्यात. एअर ड्रायर असल्यास पाणी पुष्कळ कमी होते. तथापि तपासणी टळत नाही. ड्रायर असूनही भरपूर पाणी आल्यास त्यातील शोषक काडतूस निकामी झाल्याचा संशय घ्यावा. दुधाळ, तेलकट द्रव आल्यास कॉम्प्रेसरची तपासणी करून घ्यावी.

समारोप

दाबमापक दाब सांगतो, साठा सांगत नाही. टाकीच्या तळाशी काय आहे, हे कॉक उघडल्यावरच कळते. हाच नियम कोकणातील दमट हवेतून घाट चढणाऱ्या बसगाड्यांनाही लागू पडतो. काही मिनिटांच्या या कामावर उतारावरील वाहनाची व त्यातील माणसांची सुरक्षितता अवलंबून असते.