सामन्यातील न खेळणारे अधिकारी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

देहूरोडनजीक, द्रुतगती महामार्गालगत गहुंजे येथे जे क्रिकेटचे क्रीडांगण आहे, तेथे जमणाऱ्या रसिकांस खेळाडूंच्या धावा व बळी मुखोद्गत असतात. परंतु जे स्वतः खेळत नाहीत आणि तरीही ज्यांच्यावाचून सामना पुढे सरकत नाही, त्यांच्या अखत्याराविषयी अनेक भ्रामक समजुती रूढ आहेत.

पंच फलंदाजास आपण होऊन बाद ठरवितात, ही त्यांतील सर्वांत दृढमूल समजूत. बेसबॉलमध्ये फलंदाजामागील पंच, चेंडू टोलविला गेला नाही तर त्याचा निवाडा स्वतःहून देतो. क्रिकेटच्या एकतिसाव्या नियमानुसार मात्र क्षेत्ररक्षकाने दाद मागितल्यावाचून, चेंडू यष्टींसमोर पायावर आदळल्याचे कितीही स्पष्ट दिसलेले असो, पंचांना बोट वर करता येत नाही.

सामनाधिकारी पंचांचा निर्णय फिरवू शकतो, हाही भ्रमच. २३ फेब्रुवारी २०१७ रोजी गहुंज्यात सुरू झालेल्या कसोटीत भारताचे डाव १०५ व १०७ धावांत आटोपले आणि ऑस्ट्रेलियाने तिसऱ्याच दिवशी ३३३ धावांनी विजय मिळविला. सामनाधिकारी ख्रिस ब्रॉड यांनी खेळपट्टी निकृष्ट असल्याचा शेरा दिला, तथापि तो शेरा मैदानावर होता, निकालावर नव्हे. खेळपट्टी तयार करणे ही सामन्यापूर्वी मैदानाच्या व्यवस्थापनाची जबाबदारी. खेळ सुरू झाल्यावर तिच्यावर हुकमत पंचांची.

परंतु सर्वाधिक अन्याय होतो तो गुणलेखकांवर. फलकावरील आकडा पाहून नोंद करणारे कारकून, अशी त्यांची संभावना होते. वस्तुतः नियमाने दोन गुणलेखक नेमावे लागतात, त्यांनी पंचांच्या प्रत्येक खुणेस पोच द्यावयाची असते आणि परस्परांची दप्तरे वरचेवर ताडून पाहावयाची असतात. लेगबायची एक धाव चुकून फलंदाजाच्या नावे चढली, तर संघाची बेरीज अचूक राहूनही फलंदाज आणि गोलंदाज या दोघांचाही हिशेब बिघडतो, आणि ही चूक प्रेक्षकांच्या ध्यानीही येत नाही. गुणलेखक निव्वळ कारकून नसतो, याचे उदाहरण म्हणजे नवी मुंबईच्या वृंदा राठी. २०१३ च्या महिला विश्वचषकात त्या गुणलेखक होत्या. जानेवारी २०२३ मध्ये रणजी सामन्यांत पंच म्हणून उभ्या राहिलेल्या पहिल्या तीन महिलांत त्यांची गणना झाली.

आपल्याकडील स्थानिक स्पर्धांत पुष्कळदा हाताशी सापडेल त्या मुलास वही देऊन बसविण्यात येते. आयोजकांनी ही प्रथा मोडावी, दोन जाणकार गुणलेखक नेमावेत आणि त्यांस पंचांच्या बरोबरीने मानधन द्यावे.