जुना लॅपटॉप आणि न फिरणारी डिस्क

तुमच्या घरी आठ-दहा वर्षांपूर्वीचा लॅपटॉप असला तर एक साधा प्रयोग करा. सेकंदकाटा असलेले घड्याळ समोर ठेवा, लॅपटॉपचे बटण दाबा आणि प्रत्यक्ष काम सुरू करता येईपर्यंत किती वेळ जातो तो वहीत मांडा. दोन-तीन मिनिटे सहज जातील. त्या वेळात यंत्राच्या कडेशी कान नेलात, तर बारीक घरघर आणि मधूनच कटकट असा आवाज ऐकू येईल. हा आवाज हार्ड डिस्कचा. "लॅपटॉप म्हातारा झाला, आता नवा घेऊ" असे घरात कोणी म्हणू लागले, तर त्यांना थोडे थांबवा. पुष्कळदा बहुतेक दोष या एकाच भागाचा असतो आणि तो बदलता येतो.

हार्ड डिस्कमध्ये चुंबकीय लेप दिलेली तबकडी असते. लॅपटॉपमधील तबकडी बहुधा मिनिटाला ५४०० फेरे घेते. म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ११ मिलिसेकंद लागतात. (मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग.) हवी ती माहिती वाचणाऱ्या टोकाखाली येईपर्यंत सरासरीने अर्धा फेरा, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद थांबावे लागते. शिवाय ते टोक धरणारा दांडा योग्य वर्तुळावर सरकायला हवा. त्यात आणखी दहा-बारा मिलिसेकंद जातात. एकूण १७ धरू. आता भागाकार करा. सेकंदाला जेमतेम ६० ठिकाणची माहिती मिळते! आणि लॅपटॉप सुरू होताना तर हजारो लहान लहान फाइली ठिकठिकाणाहून गोळा कराव्या लागतात.

एसएसडीत फिरणारे असे काहीच नाही. तिच्या चिपमधील अतिसूक्ष्म कप्प्यांत विद्युतभार कोंडलेला असतो आणि तो किती आहे यावरून माहिती वाचली जाते. नँड फ्लॅश नावाची ही रचना जपानच्या तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये जगापुढे मांडली. येथे कोणत्याही कप्प्यापाशी पोचायला साधारण ०.१ मिलिसेकंद पुरतो. कोठे १७ आणि कोठे ०.१!

दुकानात मात्र खोक्यांवर निराळेच आकडे दिसतील. कोठे सेकंदाला ५५० मेगाबाइट, कोठे ३५००, कोठे ७०००. मोठा आकडा घ्यावासा वाटणारच. पण हे आकडे एखादी मोठी फाइल सलग वाचण्याचे आहेत, आणि आपली अडचण तर पोचायला लागणाऱ्या वेळाची आहे. शिवाय जुन्या लॅपटॉपमधील साटा हा जोड एखाद्या अरुंद पुलासारखा असतो. तिसऱ्या पिढीच्या साटामधून सेकंदाला ६०० मेगाबाइटच्या वर माहिती जाऊच शकत नाही. दुसऱ्या पिढीच्या साटाची मर्यादा ३००. ७००० चा आकडा मिरवणारी एसएसडी त्या खणात बसणारसुद्धा नाही. तेव्हा अशा लॅपटॉपला अडीच इंची, ७ मिलिमीटर जाडीची साधी साटा एसएसडी घ्यावी, असे मी म्हणेन. उरलेल्या पैशांत, रॅम वाढवता येत असेल तर ती वाढवा.

काही लॅपटॉपमध्ये एम.२ नावाची खाच असते. तिच्यात च्युइंगगमच्या पट्टीसारखी, २२ मिलिमीटर रुंदीची एसएसडी बसते. येथे फसगत होते ती अशी: साटा आणि एनव्हीएमई या दोन्ही जातींच्या पट्ट्या दिसायला सारख्या, पण लॅपटॉप कधी कधी एकच जात ओळखतो. म्हणून पैसे देण्यापूर्वी तळावरील मॉडेल क्रमांक टिपून घ्या आणि त्याच्या माहितीपुस्तिकेत पाहा. काही पातळ लॅपटॉपांत तर साठवणीची चिप पटलावर डाखच दिलेली असते. तेथे इलाज नाही.

कप्पे लिहून लिहून झिजतात हे खरे. टीएलसी जातीत एका कप्प्यात ३ बिट, म्हणजे भाराच्या ८ पातळ्या ओळखाव्या लागतात. क्यूएलसीत ४ बिट, म्हणजे १६. पातळ्या जवळ आल्या की चूक होणे सोपे, म्हणून दर सारखा असेल तर टीएलसी घ्यावी. पण झिजेची फार धास्ती नको. समजा, १०० टेराबाइट लिहिण्याची हमी आहे. रोज २० गिगाबाइट लिहिले तर वर्षाला सुमारे ७.३ टेराबाइट होतात, म्हणजे हमी तेरा वर्षांहून अधिक पुरेल. अविश्वसनीय स्वस्तात प्रचंड साठवण देऊ करणाऱ्या अनोळखी मालापासून मात्र दूर राहा. तो पुष्कळदा खोटा असतो.

आणखी एक. जुन्या डिस्कची कटकट अलीकडे वाढली असेल, तर एसएसडी आणण्याची वाट न पाहता फोटो आणि प्रकल्पाच्या फाइली आजच दुसरीकडे उतरवून घ्या. एसएसडी तर बिघडताना आवाजही करीत नाही. ती बहुधा एकाएकी बंद पडते. म्हणून बदलल्यानंतर जुनी डिस्क चांगली असेल तर टाकू नका. लहानशा यूएसबी केसमध्ये बसवून तिच्यावर दर महिन्याला एक प्रत ठेवता येईल.