प्रॉक्सीतून वेबसॉकेट : हा शब्द कोणाचा?

आज आपण जांब समर्थला बसलो आहोत. समर्थ रामदासांचं हे जन्मगाव. लग्नाच्या वेळी ‘सावधान’ ऐकून ते मंडपातून निघून गेले, ही आख्यायिका इथे लहान पोरांनाही ठाऊक आहे. आजच्या विषयात तो शब्द आपल्याला लागणार आहे.

इथल्याच एका मुलाने आम्हाला विचारलं, “सर, माझा प्रोग्राम घरी मोबाइलच्या नेटवर चालतो. शहरातल्या ऑफिसात वेबसॉकेट जोडलंच जात नाही. तिथे प्रॉक्सी आहे. मित्र म्हणतो, सर्टिफिकेटची तपासणी बंद कर, चालेल. करू का?” उत्तर शेवटी देऊ. आधी घडतं काय ते बघू.

साध्या वेबपानाचं काम पत्रासारखं असतं. मागणी गेली, उत्तर आलं, संपलं. वेबसॉकेट फोनसारखं आहे. एकदा जोडलं की दोन्ही बाजूंनी केव्हाही बोलता येतं. त्याचं प्रमाणित रूप २०११ सालच्या डिसेंबरात आरएफसी ६४५५ म्हणून आलं. गंमत अशी की, सुरुवात मात्र एचटीटीपीच्या साध्या मागणीनेच होते. तिच्यात ‘अपग्रेड’ नावाची ओळ असते, म्हणजे ‘आता बोलण्याची पद्धत बदलू या’ अशी विनंती. ही ओळ फक्त पुढच्या टप्प्यापुरती मानली जाते. त्यामुळे मधला प्रॉक्सी ती गाळून टाकू शकतो, आणि सर्व्हरला साधीच मागणी दिसते.

म्हणून कोडने तीन पायऱ्या चढायच्या. पहिली : प्रॉक्सीला ‘कनेक्ट’ ही आज्ञा द्यायची, सोबत सर्व्हरचं नाव आणि पोर्ट, बहुधा ४४३. प्रॉक्सी २०० म्हणाला की बोगदा तयार झाला. ४०७ म्हणाला, तर त्याला ओळख हवी आहे. ती याच मागणीत द्यायची. प्रॉक्सीचा पासवर्ड पुढे सर्व्हरकडे जाता कामा नये. दुसरी : बोगद्यातून सर्व्हरशी टीएलएस जुळवायचं आणि सर्टिफिकेट तपासायचं. तिसरी : आता ‘अपग्रेड’ची विनंती पाठवायची. सर्व्हरचं उत्तर १०१ यायला हवं.

आता बघा, २०० हा शब्द प्रॉक्सीचा, १०१ हा सर्व्हरचा. बरेच जण २०० बघून ‘जोडलं गेलं’ समजतात. आपल्याकडे शब्दप्रमाणाची चर्चा झाली, तिथेही प्रश्न हाच : शब्द कोणाचा, आणि तो विश्वासार्ह का? प्रॉक्सी फक्त वाटेबद्दल सांगू शकतो. पलीकडे कोण आहे, हे सर्टिफिकेटवरून ठरतं. आणि पलीकडच्याला वेबसॉकेट कळतं की नाही, हे आपण पाठवलेल्या किल्लीवरून त्याने काढलेल्या उत्तरावरून कळतं. ते उत्तरही ताडून बघायचं असतं.

सुदैवाने हे सगळं हाताने लिहावं लागत नाही. पायथनच्या ‘वेबसॉकेट-क्लायंट’मध्ये जोडणी करताना प्रॉक्सीचा पत्ता, पोर्ट आणि प्रकार देता येतो. नोडच्या ‘डब्ल्यूएस’मध्ये प्रॉक्सीसाठीचा एजंट द्यावा लागतो. ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टला मात्र प्रॉक्सी निवडता येत नाही. ते ब्राउझरच्या किंवा यंत्राच्या सेटिंगवर चालतं. आणखी एक : काही प्रॉक्सी गप्प बसलेली जोडणी तोडतात, म्हणून अधूनमधून ‘पिंग’ पाठवत राहावं.

आता त्या मुलाचा प्रश्न. काही ऑफिसांतले प्रॉक्सी बोगदा उघडून आतलं वाचतात आणि स्वतःचं सर्टिफिकेट पुढे करतात. तिथे तपासणी अडते. ती बंद केली की प्रोग्राम चालतो, हे खरं. पण मग तो कोणाचाही शब्द खरा मानतो, ऑफिसच्या प्रॉक्सीचाही आणि चोराचाही. योग्य वाट अशी : ऑफिसचं मूळ सर्टिफिकेट त्यांच्याकडूनच मागून घ्यायचं आणि कोडला फक्त तेवढ्यावर विश्वास ठेवायला सांगायचं. मग मधला माणूस आतलं वाचतो आहे, हे निदान आपल्याला माहीत असतं. खाजगी बोलणं त्या वाटेने पाठवायचं की नाही, ते आपण ठरवू शकतो.

तपासणी अडते, तेव्हा यंत्र आपल्याला ‘सावधान’ म्हणत असतं. तो आवाज बंद करू नये, ऐकावा. आता तुमचे प्रश्न घेऊ.