मंगळावर वन बीएचके?

नवघर रोडवर घर बघायला गेलं की पहिला प्रश्न एकच, पाणी किती वाजता येतं? अंतराळातही तोच! आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात नोव्हेंबर २००० पासून माणसं सलग राहतायत. तिथे घाम, श्वासातला ओलावा आणि हो, लघवीसुद्धा शुद्ध करून पितात. २०२३ मध्ये ९८ टक्के पाणी परत मिळवण्याचं टार्गेट गाठलं. पण जेवण, सुटे भाग पृथ्वीवरूनच येतात. म्हणजे वस्ती कसली, पेइंग गेस्टचा मुक्काम!

आपल्याकडे हे वेड रुजवलं जयंत नारळीकरांनी. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत त्यांनी टोपणनावाने ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली आणि पहिलं बक्षीस पटकावलं. कृष्णविवराजवळ घड्याळं हळू चालतात. तिथून परतणारा तरुणच राहतो, घरचे मात्र म्हातारे होतात.

मंगळावर एवढं होणार नाही. पण तिथे निरोप पोचायला ३ ते २२ मिनिटं लागतात. आईने फोनवर ‘जेवलीस का?’ विचारलं, तर ‘हो’ ऐकायला तिला कधीकधी पाऊण तास थांबावं लागेल. रॉकेटचं भाडं एक वेळ परवडेल, हे नाही. मी जाईन, पण रिटर्न तिकीट काढूनच. तुम्ही?